मांडणीवरचा पेला

ते आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आले, ते डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर भांड्यांची मांडणी घेऊन. स्वयंपाकघराच्या भिंतीला असते तीच स्टीलची मांडणी, ताटं उभी करायच्या कप्प्यांसकट. मागून येणाऱ्या शिपायाच्या पिशवीत पेले खणखणत होते.

“मॅडम, भिंत कोणती?” त्यांनी विचारलं.

“कशासाठी?”

“ही टांगायला.”

“सर, हे विद्यापीठाचं कार्यालय आहे.”

“म्हणूनच इचारून राहिलो. घरी कोण इचारतं?”

आणि त्यांनी खिशातून खिळा काढला.

तुम्ही दोघं मला ओळखता. डाळीच्या प्रत्येक डब्यावर इंग्रजीत नाव चिकटवणारी, साड्या रंगांच्या क्रमानं लावणारी तुमची आजी. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथल्या सिस्टरांनी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती : प्रत्येक वस्तूला जागा असते आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागी असते. कार्यालयात मांडणीला जागा नसते. तरीही संध्याकाळपर्यंत ती माझ्या फायलींच्या कपाटाशेजारी लटकत होती आणि भांडार विभागाचा कारकून तिच्याकडे बघत उभा होता. कपाट, टेबल, खुर्ची, पंखा या सगळ्यांचे नियम त्याच्याकडे होते. मांडणीचा नियम नव्हता. बिचारा दोनतीनदा येऊन बघून गेला. मग त्यानं नाद सोडला.

तुमच्या तिकडच्या विद्यापीठांमध्ये परक्या मुलांना मदत करायला केवढाली कार्यालयं असतात, हे तुम्ही मला फोनवर सांगता. आमच्याकडे त्याची सुरुवात कशी झाली, ते सांगायचं तर या माणसाबद्दल सांगावं लागतं. दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच.

विद्यापीठ आमचं नांदेडला, उपकेंद्र लातूरला. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर, आणि रस्त्याची कायमची दुरुस्ती. मी इंग्रजी शिकवायचे. धर्माबादपलीकडची तेलुगू मुलं आणि उदगीरपलीकडची कानडी मुलं आमच्याकडे पहिल्यापासूनच होती, त्यांना कुणी परकं म्हणत नव्हतं. पण हळूहळू अरुणाचल, मणिपूर, काश्मीर, येमेन, टांझानिया अशी दूरदूरची नावं हजेरीपटावर दिसू लागली. तेव्हा वरच्या मंडळींना वाटलं, यांच्यासाठी काहीतरी हवं. त्यातून ‘आंतरसांस्कृतिक विद्यार्थी साहाय्य कक्ष’ निघाला. पाटी दारापेक्षा लांब झाली. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी सचिव म्हणून मला नेमलं आणि प्रमुख म्हणून या सरांना. सर संख्याशास्त्राचे प्राध्यापक. लातूरच्या वसतिगृहाचे पूर्वी वॉर्डन होते, म्हणून.

पाटी वाचून ते म्हणाले, “हे नाव वाचून होईस्तोवर पोराची परीक्षा होऊन जाईल.”

“मग काय लिहायचं?”

“आजोळ.”

“सर, असं नाव शासन मान्य करणार नाही.”

“शासनाला आजोळ नव्हतं का?”

पाटी आहे तशीच राहिली. पण तोंडी नाव आजोळच पडलं. त्यांची व्याख्या पाठ होती. “आजोळ म्हंजे काय, मॅडम? जिथं आपण काडीचं काही कमावलेलं नसतंय, तरी आपल्या नावाची भाकरी टोपल्यात असती.” वर्गात त्यांना सर म्हणायचं आणि कक्षात मामा, असा नियम होता. काश्मीरचा एक मुलगा विसरून कक्षात सर म्हणाला तर ते मागं वळून बघत, कोण सर आलेत म्हणून.

हेल्मेटचं सांगायचं राहिलं. ते ते नेहमी घालत. स्कूटरवर, पायी चालताना, एसटीत, बँकेच्या रांगेत. कुणी हसलं तर म्हणत, “डोकं काय फक्त गाडीवरच फुटतं का?” एका खिशात भाजलेल्या शेंगा, दुसऱ्या खिशात शेंगांची टरफलं. शेंग फोडल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे. विद्यापीठाच्या मोठमोठ्या बैठकांमध्ये मधेच कुट्ट असा आवाज आला की सगळ्यांना कळायचं, सर आता बोलणार. मी त्यांच्याहून वयानं थोडी मोठी. एरवी मी मॅडम, पण काम काढायचं असलं की एकदम अक्का व्हायचे. “अक्का” अशी हाक आली की मी आधीच “नाही” म्हणून ठेवत असे.

नव्या विद्यार्थ्याचं स्वागत गुलाबाचं फूल देऊन करावं, असं मी सुचवलं होतं. एक छान माहितीपुस्तिकाही तयार केली होती, अनुक्रमणिकेसह. सरांनी ती बघितली, तिच्यावर लसणाचे गड्डे ठेवले आणि पहिल्या दिवशी आलेल्या मणिपूरच्या मुलापुढे सरकवले.

“सोल.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी इंग्रजीत सांगितलं, की सर तुला लसूण सोलायला सांगत आहेत. त्याला वाटलं, ही प्रवेशाची चाचणी आहे. तो घाम येईपर्यंत सोलत बसला.

“सर, हा पाहुणा आहे,” मी मराठीत कुजबुजले.

“म्हणूनच तर! पाहुण्याला नुसतं बसवून ठेवलं की तो घड्याळ बघतो. काम दिलं की इकडंतिकडं बघतो. बघा, बघून राहिला का न्हाई?”

तो खरोखरच बघत होता. मांडणीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, की आमच्या घरीही अशी आहे, ही इथं का? आणि नांदेडला येऊन पंधरवडा झाला तरी कुणाशी न बोललेला तो मुलगा आईच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत सुटला. लसूण सोलून झाला तरी थांबेना. लसूण सर घरी घेऊन गेले. त्यांच्या सौभाग्यवतींनी त्या वर्षात एकदाही लसूण सोलला नसावा.

कुणालाही ते “कसं वाटतंय?” असं विचारत नसत. “काय जेवलास?” एवढंच. “कसं वाटतंय म्हणलं की पोरगं ‘ठीक आहे’ म्हणतं. आन् ‘ठीक आहे’ म्हंजे काय, ठावं हाय का तुम्हाला? ‘ठीक आहे’ म्हंजे उपाशी हाय.”

“सर, काही लोक खरोखरच ठीक असतात.”

“असतेत. ते ‘ठीक आहे’ म्हणत न्हाईत. ते म्हणतेत, मामा, वांग्याच्या भाजीत मीठ जास्त होतं.”

हे सगळं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मला त्यांनी एकदा अहमदपूरच्या थांब्यावर सांगितलं. आम्ही लातूरला बैठकीला निघालो होतो आणि एसटीचं चाक बदलणं चाललं होतं.

त्यासाठी तुम्हाला येळवस माहीत हवी. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. थंडीतली ही अमावस्या लातूरकडे दिवाळीपेक्षा मोठी. रब्बी हिरवीगार असते, घरातलं झाडून सगळं माणूस रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, उभ्या पिकावर आंबील शिंपडत कानडी वळणाची एक आरोळी द्यायची, आणि मग जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली थंडगार आंबील. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे, पोरांनो. हिरवे दाणे, भाज्या, बेसन सगळं एकत्र शिजवलेली पातळ भाजी. आणि त्या दिवशीचा मुख्य कायदा असा, की ज्याला रान नाही त्याला दुसऱ्यानं बोलवायचं. ओळख लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हात धरून खाली उतरवतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, खानावळी बंद, चहाची टपरीसुद्धा बंद.

सर वॉर्डन असताना वसतिगृहात अरुणाचलचा एक मुलगा राहत होता. शांत, हसरा. येळवशीच्या दिवशी वसतिगृहातली सगळी मुलं आपापल्या गावी नाहीतर मित्रांच्या रानात गेली. खोलीत जोडीदार होता, त्याला वाटलं याला वर्गातल्यांनी बोलावलं असेल. वर्गातल्यांना वाटलं, जोडीदार नेणारच. खानावळवाल्याला वाटलं, वॉर्डन साहेब नेतील.

“आन् वॉर्डन साहेबाला वाटलं,” सर शेंग न फोडता म्हणाले, “ह्याला तर धा ठिकाणचं बोलावणं असणार. माझी बारी कामून येईल?”

मुलगा सकाळी उठला तेव्हा गाव गायब झालेलं होतं. तो बाजारपेठ फिरला, स्थानकावर गेला, परत आला. अख्खं शहर कुलपात. संध्याकाळी सगळे परतले ते हातात डबे घेऊनच. जो तो त्याच्यासाठी भज्जी घेऊन आलेला. डब्यावर डबे. एकमेकांचे डबे बघून सगळ्यांच्या लक्षात आलं, काय झालं ते.

“तो काय म्हणाला?”

“‘ठीक आहे, सर’ म्हणाला. आन् त्या सत्राच्या शेवटाला जो गेला, तो आला न्हाई माघारी. त्याला वाटलं, गावानं मला वाळीत टाकलं. मॅडम, नांदेडात लंगर हाय, तिथं कुणी उपाशी निजत न्हाई. लातुरात येळवस हाय, म्हणून पोरगं उपाशी राहिलं.”

एवढं सांगून त्यांनी चाक बदलणाऱ्या चालकाच्या हातावर शेंगा ठेवल्या.

तर आजोळची रीत अशी होती. प्रत्येक बाहेरच्या विद्यार्थ्याला गावातलं एक घर नेमून द्यायचं. ‘कुणीतरी बोलावेल’ नाही. हेच घर, याच लोकांची जबाबदारी. घरं मिळवण्याची त्यांची पद्धत सरळ होती. कुणाच्याही दारात हेल्मेट घालून उभं राहायचं आणि म्हणायचं, “तुम्हाला भाचा झाला. अभिनंदन.” येमेनचा मुलगा हिमायतनगरच्या एका शेतकरी कुटुंबाच्या नांदेडच्या घरी गेला. त्यांच्या आजीनं “आमच्यात शाकाहारी हाय सगळं” म्हणून आधी आढेवेढे घेतले. दोन महिन्यांनी तीच आजी कक्षात तक्रार घेऊन आली, की पोरगं आठवडाभर आलेलं नाही, हे कसलं कार्यालय चालवता तुम्ही?

आणि पेले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचा एक स्टीलचा पेला, भांड्यांच्या दुकानात नाव कोरून आणलेला. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं : ‘चि. अमुक यास आजोळकडून सप्रेम भेट.’ तो मांडणीवर राहायचा. मुलगा आला की त्यानं आपल्या पेल्यातून चहा प्यायचा. आणि ज्या दिवशी तो मुलगा उलट सरांना म्हणेल, की मामा, आज माझ्या खोलीवर या, मी काहीतरी करतो, त्या दिवशी पेला त्याच्या हातात. “घेऊन जा. आता तुझ्याकडं पाहुणे येतील, तवा लागंल.” मग त्या मुलाची फिकीर बंद. मांडणीवर जागा रिकामी.

याचा परिणाम असा झाला, की आमचा कक्ष सारखा ओसरत जायचा. कुलसचिवांनी आम्हाला बोलावून घेतलं.

“बाकीचे विभाग वाढतात. तुमच्याकडची मुलं कमी का होत आहेत?”

कुट्ट.

“साहेब, दवाखान्यातली गर्दी वाढली म्हणून कुणी पेढे वाटतं का?”

“पण सर, तुम्ही संख्याशास्त्राचे! आकडे दाखवावे लागतात.”

“आयुष्यभर आकडेच शिकवले, म्हणून सांगून राहिलो. जी गोष्ट मोजता येती, ती मोजून टाका. ही जेवून बघा.”

कुलसचिव माझ्याकडे बघू लागले. मी फायलीकडे बघू लागले.

आता नीमाबद्दल. टांझानियाची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिकत होती. उंच, सावकाश बोलणारी, इतकी सभ्य की तिच्यापुढे मला माझ्या सिस्टरांची आठवण व्हायची. तिचं आजोळ म्हणजे मूळचं उमरीचं एक बौद्ध कुटुंब, नवराबायको दोघं शिक्षक, बैठकीत बुद्धाची तसबीर आणि पुस्तकांची कपाटं. माणसं सोन्यासारखी. नीमा दर रविवारी जायची, जेवायची, आभार मानायची. कक्षात यायची, चहा घ्यायची, आभार मानायची. पेला धुऊन, पुसून मांडणीवर ठेवायची. बरोबरीच्या सगळ्यांचे पेले गेले. तिचा तिथंच.

“काय जेवलीस?” सर विचारत.

“सगळं छान होतं, मामा. धन्यवाद.”

ती गेली की सर तिच्या पेल्याकडे बघत बसत. “मिठाबद्दल काही बोलतच न्हाई ही.”

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी नीमा एकटी माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर अर्ज ठेवला. सत्र संपलं की तिला प्रवेश रद्द करून परत जायचं होतं. अभ्यास उत्तम होता. मी तिला बसवलं, इंग्रजीत विचारलं, कुणी काही बोललं का? रस्त्यात लोक फोटो काढायचा आग्रह करतात, लहान मुलं केसांना हात लावून बघतात, हे मला माहीत होतं.

ती म्हणाली, त्याची सवय झाली आहे. मग तिनं अर्ज माझ्याकडे आणखी सरकवला. “मॅडम, इथं सगळे मला जेवायला घालतात. मी रोज कुणाची तरी पाहुणी असते. दीड वर्ष मी फक्त आभार मानते आहे. माझ्या घरी मी थोरली. आमच्या दारातून कुणी गेलं तर हाक मारणारी मी. इथं मला कुणाला काही देताच येत नाही. मी थकले.”

मी हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कार्यालयात पहिल्यांदा हेल्मेट काढलं. त्यांच्या डोक्यावर केस होते, हे मला तेव्हा कळलं.

“एकाला बोलावलं न्हाई म्हणून तो गेला,” ते म्हणाले. “ही बोलावून बोलावून चालली.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय सुरू केले. ऐन जेवणाच्या वेळी ते मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहू लागले आणि नीमा दिसली की पोटावर हात फिरवून म्हणायचे, “आज काही जेवलो न्हाई बघ.” पहिल्या दिवशी नीमानं त्यांना उपाहारगृहाचा रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे येऊन काळजीनं विचारलं, की मामांच्या घरी काही अडचण आहे का? तिसऱ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदारानं सरांना आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. सरांनी ती खाल्ली.

“अशानं काही होणार नाही, सर,” मी म्हटलं. “मुलींच्या वसतिगृहात ती तुम्हाला कुठं बोलावणार? तिला इथं दारच नाही.”

त्यांनी खिशातून शेंग काढली. मग कुट्ट असा आवाज आला. “अक्का...”

“नाही,” मी म्हटलं.

“ऐका तर. दार न्हाई, पर बांध तर हाय.”

याच सुमाराला कक्षाचं मूल्यांकन करायला समिती येणार, असं पत्र आलं. अध्यक्ष पुण्याकडचे, फार मोठे विद्वान. समिती नांदेडला उतरणार आणि लातूरच्या उपकेंद्रात सर्व परप्रांतीय विद्यार्थ्यांना त्यांच्या पारंपरिक वेशभूषेत भेटणार. तारीख नेमकी येळवशीची निघाली. मी सरांना म्हटलं, तारीख बदलून घेऊ या. ते म्हणाले, कशाला, चांगला मुहूर्त आहे. मग ते आदल्या दिवशी सगळ्या मुलांना घेऊन औशाच्या पुढे त्यांच्या गावी निघून गेले. नीमाही गेली. तिकीट काढायचं पक्कं झालं होतं तिचं. म्हणाली, सगळे एकत्र भेटतील तर निरोप घेऊन टाकते.

समितीला गाडीनं न्यायचं काम माझ्याकडे आलं.

लातुरात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. शहरात कुत्रंसुद्धा नव्हतं. अध्यक्षांना भूक लागली होती, त्यांना पथ्याचं वेळेवर लागायचं. एकही उपाहारगृह उघडं नाही. उपकेंद्राला कुलूप. दारावर खडूनं लिहिलेलं होतं : ‘आम्ही रानात आहोत. या.’ खाली बाण.

“हा काय प्रकार आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“सर, ही आमच्याकडची...” मी सुरुवात केली आणि इंग्रजीतला शब्द शोधत राहिले. तो शब्द इंग्रजीत नाही.

औशाच्या रस्त्याला लागलो तर जागोजागी माणसं रस्त्यात येऊन गाडीपुढे हात हलवत होती. अध्यक्ष घाबरले. “हे रास्ता रोको कशासाठी?”

“जेवणासाठी, साहेब,” आमचा चालक म्हणाला.

“अरेरे! यांना जेवण मिळत नाही?”

“जेवण लई हाय. जेवणारं मिळत न्हाई.”

गावाच्या अलीकडे एका वळणावर चालकानं कचकन गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध एक उंच मुलगी उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर सरांचं हेल्मेट. दोन्ही हात पसरलेले. ती खिडकीशी आली, वाकली आणि हेल्मेटची काच वर करून मोठ्यानं म्हणाली,

“उतरा. जेवल्याबिगर जायचं न्हाई!”

अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, “आपण या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी का?”

“आधी जेवा. मग विचारा,” नीमा मराठीतच म्हणाली, आणि तिनं गाडीचं दार उघडलं. मी तिच्याशी बोलायला गेले तर मला म्हणाली, “मॅडम, चप्पल तिकडं काढा. लवकर. मागून ट्रॅक्टर येतंय, त्यांना पण सांगायचंय.”

झालं होतं असं, की सकाळी सरांचा घसा बसला होता. त्यांनी खुणांनी सगळ्यांना समजावलं, की बांधावर उभं राहून लोकांना हाक मारणारं कुणीतरी पाहिजे. या रानात दर वर्षी हे काम त्यांचंच, आणि कुणी वाटेनं तसंच निघून गेलं तर पिकाला चांगलं नसतं. मुलगे कोपीजवळ वाढायला लावले होते. नीमाच्या हातात त्यांनी हेल्मेट दिलं. ती म्हणाली, मला जमणार नाही, माझं मराठी कुणाला कळेल? सरांनी पुन्हा घशाकडे बोट दाखवलं. पहिली एसटी तिच्यासमोरून निघून गेली. दुसरीला तिनं हात केला. तिसरी थांबली, आणि आतलं सगळं माणूस खाली उतरलं. त्यानंतर, सरांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, “ती कुणाच्या बापाला ऐकंना. पोलिसाची गाडीसुद्धा अडवली बघा तिनं. जेवूनच गेले.”

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आन् घसा कशाचा! सकाळी बैलावर एवढं खेकसून राहिले होते.”

समिती पंक्तीला बसली. एका बाजूला ट्रॅक्टरवाले, दुसऱ्या बाजूला येमेनचा मुलगा आणि त्याची हिमायतनगरची आजी, खास एवढ्यासाठी आलेली. अध्यक्षांनी पथ्य सांगितलं, नीमानं ऐकून घेतलं आणि भज्जी वाढली. आंबील पिऊन अध्यक्षांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या. मधेच त्यांना कर्तव्य आठवलं. “लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या किती?” त्यांनी सरांना विचारलं. सरांनी दिलगिरीनं घशाकडे बोट दाखवलं.

ऊन कलायला लागलं. रस्ता रिकामा झाला. नीमा बांधावरून आली, हेल्मेट काढून काखेत धरलं. चेहरा धुळीनं माखलेला, आवाज तिचाच आता बसलेला. तिनं पंक्तीवरून नजर फिरवली, कुणाचं काय राहिलं ते बघत. आणि कोपीच्या कडेला उभ्या असलेल्या सरांपाशी थांबली.

“मामा, तुम्ही जेवला नाहीत.”

सरांनी हातानंच, राहू दे, असं केलं.

“राहू दे नाही. बसा इथं. मी वाढते.” आणि भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवता ठेवता कुरकुरली, “मीठ जास्त आहे भज्जीत. सकाळीच सांगणार होते.”

सर मांडी घालून बसले, घास हातात घेतला, आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडले, “अगं ए! तो पेला आण आधी!”

बैलांनी माना वर केल्या. सौभाग्यवतींनी पिशवीतून नीमाच्या नावाचा पेला काढून तिच्या हातात दिला. नीमा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला कळलं, आणि ती जी हसायला लागली, ती खाली बसूनच. मी तिला दीड वर्षात हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, पेला दोन्ही हातांत धरून. त्या दिवशी तिनं कुणाचेही आभार मानले नाहीत.

आठवड्याभरानं ती माझ्याकडे आली आणि अर्ज परत मागितला. तो मी रीतसर फायलीला लावलेला होता. एकदा लावलेला कागद काढायचा नाही, हा माझा नियम. तो मी काढून दिला. नीमा पदवी घेऊनच गेली.

समितीचा अहवालही आला. ‘उपक्रम स्तुत्य. नोंदी असमाधानकारक.’ त्यामुळे सर निवृत्त झाल्यावर कक्ष वाढवण्यात आला. आता तिथं काचेचं दार आहे, गारेगार हवा आहे, आणि दारात एक टचस्क्रीन आहे. त्यावर हसरा, मध्यम आणि रडका असे चेहरे आहेत. मुलांनी जाताना एकावर बोट ठेवायचं. चांगली मुलं काम करतात तिथं, मी काही नावं ठेवत नाही. मांडणी तेवढी सर घरी घेऊन गेले, कारण ती कुठल्याच नोंदीत नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, तेव्हा मी सहज सांगितलं, की माझ्या नातीनं तिकडे वर्गातल्या मुलींना वरणभात खायला घरी बोलावलं होतं.

पलीकडे कुट्ट आवाज आला. “तिनं बोलावलं? का त्यांनी तिला?”

“तिनं.”

“आन् धाकटा?”

“तो ठीक आहे,” मी म्हटलं.

सरांनी दोघांची नावं विचारून घेतली. चार दिवसांनी लातूरच्या एसटीतून एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पुडकं आलं. त्यात दोन पेले, दोन नावं कोरलेले.

तर थोरले, तुझा पेला शेजारच्या काकू तिकडे येतील त्यांच्याबरोबर पाठवते आहे. पाहुण्यांसाठी वापर.

आणि धाकट्या, तुझा पेला माझ्या मांडणीवर आहे. त्याची जागा मी ठरवून दिली आहे आणि रोज पुसते. घाई काही नाही. पण काल फोनवर तू मला पुन्हा “ठीक आहे, आजी” म्हणालास. तेव्हा या रविवारी शेजारच्या खोलीचं दार वाजव. खिचडी चालेल. मीठ कमीजास्त झालं तर मला सांग.